बाबांच्या धोतराची लंगोटं

आमच्या घरात बाळ यायच्या आधीच त्याच्या ढुंगणावरून युद्ध पेटलं होतं.

एका बाजूला माझा धाकटा भाऊ, म्हणजे होणारा बाप. त्याला दुकानातले तयार डायपर हवे होते. घाला, भरला की गुंडाळा, फेकून द्या. दुसऱ्या बाजूला माझी भावजय. असला कचरा जन्मभर कुजत नाही, आणि तो मी निर्माण करणार नाही, असं तिने जाहीर केलं होतं. तिने मोबाइलवरून कापडी डायपर मागवले होते. बाहेरून पाणी न झिरपणारं कापड, आतून मऊ अस्तर, मधे एक खिसा, खिशात घालायची शोषून घेणारी जाड घडी, आणि पुढे बटणांची रांग. पोर वाढेल तसं बटण सरकवायचं. एकावर हत्ती, एकावर ढग, एकावर पिवळ्या होड्या. पाणी नीट शोषायला लागावेत म्हणून ती ते पुन्हा पुन्हा धुऊन वाळवत होती. पोर पोटातच होतं आणि आमच्या बाल्कनीत हत्तींचे कळप लटकत होते.

तिसऱ्या बाजूला आई.

आईने एक डायपर हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि उजेडात धरला. "हे लंगोट आहे की छत्रीचं कापड? यात पोराचा जीव गुदमरेल."

"आई, ते नाकावर नाही बांधायचं," भाऊ म्हणाला.

"तू गप. तू काय बांधलंस आजपर्यंत? बुटाची नाडी तरी धड बांधता येते?"

मी बाळाची आत्या. आत्याला मत नसतं, मान असतो. म्हणून मी तिघांनाही आळीपाळीने पाठिंबा देत मजा बघत होते. माझं घर त्याच सोसायटीत, समोरच्या इमारतीत. शाळेत शिकवून आले की आधी इथे चहा, ताजी बातमी, आगीत थोडं तेल, आणि मग घर. फार सुखाचे दिवस होते ते.

आईचा मुद्दा मात्र नुसत्या हट्टाचा नव्हता. आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला नवं कापड लावत नाहीत. जुनं, वापरलेलं, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या अंगाला लागलेलं कापड हवं. ते मऊही असतं आणि त्या माणसाचं आयुष्य बाळाला लाभतं म्हणतात. माझ्या वडिलांना जाऊन काही वर्षं झाली होती. भावाला मूल व्हावं म्हणून त्यांनी फार वाट बघितली आणि वाट बघतच ते गेले. त्यांची धोतरं आईने एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून ट्रंक माळ्यावर टाकली होती. माझ्या आणि भावाच्या लहानपणीची दुपटीही त्यातच. का ठेवली होती हे तिने कधी सांगितलं नाही. भावजयीला दिवस राहिले त्या आठवड्यात आईने सोसायटीच्या वॉचमनला बोलावून ट्रंक खाली काढून घेतली, तेव्हा आम्हाला कळलं.

धोतर फाडायचा आवाज तुम्ही ऐकला आहे का? एक छोटा कात्रीचा चिरा, दोन्ही हातांनी दोन टोकं, आणि टर्रर्र करून एका दमात सरळ रेघेत. आई जमिनीवर पाय पसरून बसली होती. एक टर्रर्र झालं की ती थांबायची, कापडावरून हात फिरवायची, मग पुढचं. भावजय दारात उभी राहून ते बघत होती. तिची आई लहानपणीच गेलेली, म्हणून बाळंतपण माहेरी न होता इथे पनवेललाच व्हायचं होतं. ती थोडा वेळ बघत राहिली आणि खाली बसून तिने चौकोनांच्या घड्या घालायला घेतल्या.

"बारशापर्यंत धोतर," ती म्हणाली, "बारशानंतर हत्ती. चालेल, आई?"

"चालेल," आई म्हणाली. तह झाला. भावाला कोणी विचारलंच नाही.

लंगोटं आईने एकदा पाण्यातून काढली आणि आतल्या दोरीवर वाळवली, कारण बाहेर हायवेची धूळ. दुपटी जाड, थंडीत वाळायला दोन दिवस खाणारी. ती तिने बाल्कनीत फटाफट झटकली आणि घडी घालून ठेवून दिली.

मुलगा झाला. घरी आणला तेव्हा आईने त्याला दुपट्यात असा गुंडाळला की फक्त एक नाक आणि दोन रागावलेले डोळे दिसत होते. मी त्याला घेतलं, माझं नाक त्याच्या टाळूपाशी नेलं आणि नाटकी आवाजात ओरडले, "अगं, हे बाळ आहे की लग्नातला शालू? कपाटातून काढल्यासारखा वास येतोय!"

सगळे हसले. भावजय टाके दुखतात म्हणून पोट धरून हसली. आई हसली आणि मग म्हणाली, "तुझ्या बापाचा वास आहे तो. तेवढाच राहिलाय."

त्यावर मीही पुन्हा वास घेतला. डोळे भरून आले हेही सांगते.

दुसऱ्या दिवशी बाळ पिवळसर दिसायला लागलं. शेजारच्या बाई म्हणाल्या सगळ्यांनाच होतं. भावाने मोबाइलमध्ये बघितलं, तिथेही सगळ्यांनाच होत होतं. कोवळं ऊन द्या म्हणाले, तर आई त्याला दुपट्यात नीट लपेटून सकाळी बाल्कनीत बसायला लागली. तो शांत पडायचा. किती गुणी, आम्ही म्हणायचो. आणखी एक दिवस गेला आणि तो फारच गुणी झाला. दूध प्यायला लावलं की दोन घोट घेऊन झोपायचा. तळपायाला टिचकी मारली तर रडण्याऐवजी नुसतं तोंड वाकडं करायचा. माझ्या हातात तो हलका लागत नव्हता, सैल लागत होता. हे मी कोणाला बोलले नाही. बोललं की ते खरं होईल असं वाटलं.

त्या दिवशी मी शाळेतून आले तर भावजय न्हाणीघराच्या दारात उभी. हातात ओलं लंगोट. ते ती धूत नव्हती, टाकत नव्हती, नुसतं धरून उभी होती.

"ताई, हा रंग बघा."

पांढऱ्या धोतरावर कोऱ्या चहाचा डाग. कडेला फिका, मधे गडद.

"शी केली असेल," मी म्हणाले.

"शी नाही. शी वेगळी होती. ही शू आहे."

आई स्वयंपाकघरातून आली. तिने डाग बघितला. "ट्रंकेचा गंज लागला असेल कापडाला. जुनी ट्रंक ती."

आम्हाला तिघींनाही तो गंज फार आवडला. गंजच असू दे, असं माझ्या मनात आलं आणि भावजयीच्याही आलं असणार. पण ती शिकलेली, आणि आई झालेली. तिने एक लंगोट उजेडात धरलं, पुढून मागून तपासलं, कुठे ठिपकाही नाही याची खात्री केली आणि बाळाला बांधलं. मग आम्ही तिघी पलंगाभोवती बसलो.

तीन मोठ्या बायका एका पोराच्या शूची वाट बघत बसल्यात, हे दृश्य एरवी मी सोसायटीभर करून दाखवलं असतं. पोर झोपलेलं. खाली कोणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा हॉर्न सारखा वाजत होता. भावजय मधून मधून दोन बोटं लंगोटाला लावायची, कोरडं. पुन्हा लावायची, कोरडं. आई ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होती. शेवटी भावजयीची बोटं तिथेच थांबली. तिने लंगोट सोडलं.

तोच चहा.

मी रिक्षा बोलवायला खाली धावले, पायात आईच्या चपला, त्याही दोन वेगळ्या.

मुलांच्या डॉक्टरबाईंनी बाळाची छाती दाबून बघितली, मग पाय, मग तळवे. दाबून सोडलेली कातडी पिवळी राहत होती. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढली आणि आतला भाग बघितला. तो पांढरा पडला होता. त्या भराभर बोलायला लागल्या, नर्सशी. डॉक्टर पेशंटशी न बोलता नर्सशी बोलायला लागले की समजावं.

मग त्या बाळाला दुपट्यातून सोडवताना मधेच थबकल्या. दुपटं उचललं, नाकाशी नेलं आणि आमच्याकडे बघितलं.

"हे कपडे कुठले?"

"घरचेच," आई म्हणाली. "जुने. त्याच्या बापाचे, आजोबांचे."

"कशात ठेवले होते?"

"ट्रंकेत."

"ट्रंकेत काय घातलं होतं? डांबरगोळ्या?"

आई म्हणाली, "हो मग. नाहीतर कसर खाते ना."

माझ्या कानात माझाच आवाज आला. हे बाळ आहे की लग्नातला शालू.

"सगळं काढा अंगावरचं," डॉक्टर नर्सला म्हणाल्या. "दुपटं, लंगोट, टोपडं, सगळं. पिशवीत घालून बाहेर." मग आम्हाला सांगितलं. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक गोष्ट कमी असते. एरवी त्याने काही बिघडत नाही, जन्म निघून जातो. पण डांबरगोळीचा अंश कातडीतून, श्वासातून आत गेला की अशा बाळाचं रक्त फुटायला लागतं. फुटलेल्या रक्ताचा तो रंग, लंगोटावरचा. कावीळ त्यामुळेच चढतेय, आणि फार चढली तर डोक्यापर्यंत पोचते. तपासणीत नक्की कळेल. आत्ता निळ्या दिव्याखाली ठेवतो. संध्याकाळी पुन्हा रक्त तपासू. काविळीचा आकडा चढला तर शरीरातलं रक्त काढून दुसरं भरावं लागेल.

"सगळं रक्त?" भावजयीने विचारलं.

"बरंचसं," डॉक्टर म्हणाल्या. "वडील कुठे आहेत? सह्या लागतील, रक्ताची सोय लागेल."

वडील न्हावा शेव्याला बंदरात कामावर होते. मी फोन लावला. रिक्षातून कळवलं तेव्हाच तो निघाला होता, आणि पळस्प्याच्या अलीकडे कंटेनरच्या रांगेत अडकला होता.

"पुढे कंटेनर, मागे कंटेनर," तो म्हणाला. "हलतच नाही गं. ताई, त्याला काय झालंय? नीट सांग."

"तू ये."

"म्हणजे काय झालंय?"

"तू ये आधी!"

फोनमध्ये ट्रकचे भोंगे ऐकू येत होते. मग गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला आणि त्याचा धापा टाकणारा श्वास. गाडी तशीच कडेला टाकून तो कंटेनरच्या मधून पळत सुटला होता. पुढे कुठल्याशा मोटरसायकलवाल्याला हात करून त्याच्या मागे बसून तो दवाखान्यात पोचला. तोंडावर धुळीचा थर आणि त्यात डोळ्यांखाली दोन ओल्या रेघा. आता मी हे सांगते तेव्हा तो म्हणतो, वाऱ्याने पाणी आलं होतं. मी मान्य करते.

काचेपलीकडे बाळ होतं. उघडंनागडं, डोळ्यांवर पांढरी पट्टी, निळ्या उजेडात. इतकं भांडण झालं होतं त्याच्या लंगोटावरून, आणि आता त्याच्या अंगावर कसलंच कापड नव्हतं. भावजय काचेला कपाळ लावून उभी होती. टाक्यांमुळे तिला धड उभंही राहवत नव्हतं, पण ती बसेना.

आई कुठे दिसेना म्हणून मी शोधायला गेले. ती पॅसेजच्या टोकाला बेसिनपाशी हात धूत होती. साबण लावायची, कोपरापर्यंत चोळायची, धुवायची, हात नाकाशी न्यायची, आणि पुन्हा साबण.

"आई, बस झालं."

"वास जात नाय गं."

मी तिचे हात हुंगले. दवाखान्यातल्या साबणाचा वास येत होता, आणखी कसलाच नाही. "गेलाय," मी म्हणाले.

"नाय. तुला नाय समजत. मी धुतलं होतं ना? तूच बघितलंस ना, लंगोटं मी धुतली होती?" एरवी आई शहरात राहिलेल्या बाईसारखं बोलते. घाबरली की तिच्या तोंडात तिचं गाव येतं. "दुपटी नाय धुतली. थंडी होती. वाळत नायत. मी म्हटलं, घरचीच तर हायत."

"कोणाला माहीत होतं?"

"पोराला काय झालं तर मी तिला तोंड कसं दाखवू? तिला आई नाय. मला आई म्हणते ती."

शाळेत मुलांची नाटकं बसवून बसवून मला वाटतं की प्रत्येक प्रसंगाला एक वाक्य असतं. या प्रसंगाला नव्हतं. मी नळ बंद केला. तिने पुन्हा सोडला.

संध्याकाळच्या तपासणीचा कागद आला तेव्हा डॉक्टरबाई तो वाचत वाचतच आमच्याकडे चालत आल्या. त्या वीस-पंचवीस पावलांत मी नवस बोलायला आठवेल तो देव आठवला.

"चढला नाही," त्या म्हणाल्या. "उतरलाही नाही. पण चढायचा थांबलाय. रक्त तयार ठेवा, उद्या बघू."

उद्या थोडा उतरला. परवा आणखी. रक्त बदलावं लागलं नाही. मोठ्या तपासणीचा निकाल आला आणि डॉक्टरबाईंचा संशय खरा ठरला. त्यांनी समोर बसवून सगळं सांगितलं. घरात डांबरगोळी नको, त्याचा वास लागलेलं कापड नको, कोणतंही औषध द्यायच्या आधी डॉक्टरला हे सांगायचं, आणि हे जन्मभर. मग त्या सहज म्हणाल्या, "रक्तातली ही उणीव मुलाला आईकडून येते. आईला स्वतःला बहुतेक वेळा काहीच होत नाही, तिला माहीतही नसतं."

बाहेर आल्यावर भावजय सरळ आईसमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता फुटलं.

"ऐकलंत ना, आई?" ती म्हणाली. "गोळ्या तुमच्या आणि रक्त माझं. निम्मं तुमचं, निम्मं माझं. आता रडायचं असेल तर दोघी मिळून रडू."

आणि रडल्या. दोघी. पॅसेजमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत. भाऊ रुमाल शोधत खिसे चाचपत राहिला. मला खरं तर भावजयीला टाळ्या वाजवायच्या होत्या.

बाळ घरी यायच्या आदल्या दिवशी आईने ट्रंक दाराबाहेर ओढली. उरलेली धोतरं, फाडलेली लंगोटं, आमच्या लहानपणीची दुपटी, सगळं तिने मोठ्या पिशवीत भरलं. मी म्हटलं, एखादं धोतर माझ्या घरी ठेवते, समोरच्या इमारतीत आहे, तिथून काय होणार? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पिशवीचं दुसरं टोक धरलं. घंटागाडी आली, तिचं गाणं वाजलं, आणि बाबांची धोतरं गेली. आई गाडी वळेपर्यंत गेटपाशी उभी होती. वर येऊन तिने हात धुतले.

बाळ घरी आलं ते हत्ती बांधूनच. बारसं व्हायचं होतं, नवं कापड होतं, पण तो नियम आता कोणी काढला नाही. आईने बाळाचं सगळं केलं, लांबून. पाणी तापवलं, भावजयीला खायला घातलं, कापडी डायपरच्या घड्या खिशात भरून दिल्या. त्यात ती तरबेज झाली. पण त्याला हातात घेतलं नाही. "माझे हात ओले हायत," म्हणायची. दिवसभर हात ओले.

मग बारसं, ठरल्यापेक्षा उशिरा. आणि आदल्या दिवशी माझ्या डोक्यात वीज चमकली. बारशाला बायका काय नेसून येतात? कपाटातला शालू. वर्षभर गोळ्यांत मुरलेला. आणि येतात त्या थेट पाळण्यावर वाकतात! मी सगळ्यांना फोन केले. सुती साडी, धुतलेली, रोजची. "तुमच्याकडे बारसं आहे की श्रमदान?" एकीने विचारलं. तरी मी दारात उभी राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक बाईच्या खांद्याचा वास घेतला. स्वागत करत मिठी मारायची आणि हुंगायचं. दोघी म्हणाल्या, तुला आम्ही इतक्या आवडतो हे आम्हाला माहीतच नव्हतं.

आमची गावची काकू मात्र जांभळ्या शालूत, काठ झळकवत आली. मी मिठी मारली आणि तशीच धरून ठेवली.

"काकू, तुमी आत नाय जायचं."

"का गो? मी काय आगंतुक हाय? पोराच्या आज्याची भावजय हाय मी!"

"शालूला गोळ्यांचा वास हाय."

"मग काय शेणाचा यायला पायजे?"

काकूला माझ्या घरी नेऊन, अंग धुवायला लावून, माझा धुतलेला गाऊन चढवून परत आणली. पूर्ण बारसं ती त्या फुलाफुलांच्या गाऊनमध्ये मानाच्या खुर्चीवर बसली आणि येणाऱ्या प्रत्येकीला माझी तक्रार सांगत होती. गंमत म्हणून नव्हते मी दारात उभी.

नाव मी कानात सांगितलं, पाठीत धपाटे खाल्ले. सगळ्यांत जोराचा काकूचा होता. आई स्वयंपाकघराच्या दारात, पदराला हात पुसत. भावजयीने पाळण्यातून बाळ उचललं, गर्दीतून वाट काढली आणि आईला म्हणाली, "बसा."

"माझे हात—"

"मांडी तर कोरडी आहे ना? बसा."

आई बसली. बाळ तिच्या मांडीवर आलं. तिने हात दोन्ही बाजूंना वर धरले होते, पोलिसांनी पकडल्यासारखे. त्या दिवशी डायपर भावाने बांधला होता, म्हणजे बटणं वाकडी आणि एका बाजूला फट. थोड्या वेळात व्हायचं ते झालं. हत्तींच्या बाजूने ओघळ आला आणि आईच्या फिक्या सुती साडीवर ओला डाग पसरायला लागला.

बायका हसायला लागल्या. आम्ही घरातले कोणी हसलो नाही. मी, भाऊ, भावजय, तिघेही खाली वाकलो. आईने आता हात खाली आणले. एका हाताने बाळाला छातीशी धरलं, दुसऱ्या हाताने साडीचा तो भाग ओढून ताणला आणि खिडकीकडे वळवला. उजेडात धरला. बराच वेळ बघितलं. नाकाशीही नेला.

"पाणी हाय," ती म्हणाली. "नुसतं पाणी हाय गं."

"असं काय बघताय त्याच्यात?" काकू खुर्चीतून ओरडली. "कधी पोराचं मूत नाय बघितलं?"

साडी बदलायलाही आई उठली नाही. पाहुणे जेवून जाईपर्यंत ती तशीच ओल्या मांडीवर बाळाला घेऊन बसून राहिली.